तटस्थ तार

आमच्या घरात वीज आली ती १९६४ साली. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पातून वीज निघू लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. सातारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा गावात लोखंडी खांब उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या, आणि एके सायंकाळी वडिलांनी मला कडेवर घेऊन माझ्या बोटाने माजघरातला खटका दाबविला. मी सहा वर्षांचा होतो. कडीपाटाखाली दिवा असा काही उजळला, की आजीने हातातली समई खाली ठेवून त्यालाच हात जोडले.

त्या दिव्याने आमच्या घरातील चार पिढ्या पाहिल्या. आजीची पोथी, आईचे निवडणे-टिपणे, माझा एम. ए.चा अभ्यास आणि पुढे शाळेतील उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हे सारे त्याच्याच उजेडात पार पडले. बल्ब पुष्कळ बदलले. परंतु छताला खिळलेले बेकेलाइटचे काळे वाटोळे बूड, त्यातून लोंबणारी कापडी वेष्टणाची दुपेडी तार आणि तिच्या टोकाचा पितळी होल्डर, हे त्रिकूट साठ वर्षे तसेच राहिले. २०२४ सालच्या दिवाळीच्या तोंडावर मात्र तो दिवा कुरबूर करू लागला. मध्येच मंद होई, मध्येच चरचर आवाज करी, आणि कोणी दार जोराने लोटले की डोळे मिटून पुन्हा उघडी.

माझी नात सुट्टीसाठी आली होती. ती तेव्हा सातवीत होती. तिच्या आईने तिच्याबरोबर एक सुंदर पितळी टांगता दिवा पाठविला होता, आणि तो केव्हा एकदा माजघरात झळकतो असे तिला होऊन गेले होते. दुपारी जेवण झाल्यावर मी ओटीवर जरा लवंडलो होतो. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मांजर असेल म्हणून मी प्रथम दुर्लक्ष केले. मग मांजर स्टूल ओढत नाही हे लक्षात येऊन धावत आत गेलो. पाहतो तो नात स्टुलावर चवड्यांवर उभी, आणि तिचा हात होल्डरपासून वीतभर अंतरावर!

"आजोबा, घाबरू नका. मी बटण बंद केलंय."

"खाली उतर!" मी ओरडलो. माझा असा आवाज पस्तीस वर्षांच्या नोकरीत वर्गाने कधी ऐकला नसेल. पोर गडबडून खाली उतरली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारले.

"पण दिवा विझला आहे ना, आजोबा?" ती पुटपुटली.

तिला काय उत्तर द्यावे ते मला क्षणभर सुचेना. कारण तिच्या तोंडचे ते वाक्य माझेच होते. पंचवीस वर्षांपूर्वी मी ते अगदी तशाच खात्रीने उच्चारले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली होती. ती हकीकत मी घरात कोणाला फारशी सांगितलेली नव्हती. त्या दुपारी ती नातीला सांगितली.

१९९९ साली मुख्याध्यापकपदाची सूत्रे माझ्या हाती येऊन जेमतेम चार महिने झाले होते. स्नेहसंमेलन दुसऱ्या दिवसावर आले होते, आणि मुलांनी जेथे रंगभूषा करायची त्या खोलीतल्या दिव्याचा होल्डर फुटला होता. वायरमनला निरोप धाडला होता. पण तो तालुक्याला गेलेला. आमचे शिपाईमामा नवा होल्डर घेऊन आले. खोलीवर पत्रे होते आणि पत्र्यांखाली लोखंडी कैच्या. मामांनी बाकावर बाक चढविला आणि वर चढण्यापूर्वी माझ्याकडे पाहिले. मी घाईत होतो. पाहुण्यांची यादी हातात होती. मी म्हटले, "मामा, बटण बंद आहे. मी स्वतः बंद केलं आहे. दिवा विझलेला दिसतो आहे ना? चढा."

मामा चढले. तोल सावरण्यासाठी त्यांनी एका हाताने कैची धरली आणि दुसरा हात होल्डरला घातला. पुढचे सारे एका निमिषात घडले. एक चमत्कारिक, तुटका आवाज त्यांच्या तोंडून निघाला, आणि ते बाकांसह खाली कोसळले. पडले म्हणूनच वाचले. हात तारेलाच चिकटून राहिला असता, तर मी आज ही हकीकत लिहू शकलो नसतो. उजव्या मनगटाचे हाड मोडले होते. रुग्णालयात प्लास्टर घालून झाल्यावर मी त्यांच्या खाटेपाशी मान खाली घालून उभा राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमचा शब्द होता, म्हणून चढलो."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मनगट पुढे सरळ झाले नाही. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी सहा वर्षे, मामा शाळेची घंटा डाव्या हाताने वाजवीत. घंटेचे ठोके मुलांना नेहमीसारखेच ऐकू येत. मला मात्र ते डाव्या हाताचे आहेत हे कळे.

"पण बटण खरंच बंद होतं?" नातीने विचारले.

बंदच होते. तीच तर त्यातली मेख. दिव्याकडे दोन तारा जातात. एकीने वीज येते. तिला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात वीजयुक्त तार म्हणतात आणि वायरमन लोक 'फेज' म्हणतात. दुसरीने प्रवाह परत फिरतो. ती तटस्थ तार, म्हणजेच 'न्यूट्रल'. या दुसऱ्या तारेतूनही प्रवाह वाहतोच. परंतु रोहित्रापाशी ती जमिनीशी जोडलेली असल्यामुळे तिच्यात आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसात विजेचा दाब जवळजवळ नसतो. पहिल्या तारेत आणि जमिनीत मात्र २३० व्होल्टचा दाब असतो. खटका बसवायचा तो या पहिल्या तारेवर. दुसरीवर बसविला तरी दिवा विझतोच, आणि पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही.

नातीला हे पटेना. म्हणून मी तिला ओढ्याकाठच्या आमच्या मळ्याची आठवण दिली. पाटाचे दार शेताच्या वरच्या अंगाला असले आणि ते बंद केले, तर शेतात पाणी येतच नाही. तेच दार कोणी शेताच्या खालच्या अंगाला बसविले तर? वाहणे थांबेल खरे. पण शेत मात्र बांधापर्यंत पाण्याने तुंबून राहील. आमच्या शाळेच्या त्या खोलीत दार खालच्या अंगाला होते. दिवा विझलेला होता आणि होल्डर विजेने भरलेला होता. मामांचा एक हात त्यात गेला, दुसरा लोखंडी कैचीवर होता, आणि तुंबलेल्या विजेला जमिनीकडे जायला वाट मिळाली. पुढे वायरमनने सारी शाळा तपासली तेव्हा आणखी दोन खोल्यांत तोच प्रकार आढळला. वर्षानुवर्षे त्या खोल्यांतून आम्ही शिकवीत होतो.

नात बराच वेळ गप्प होती. नंतर तिने पितळी दिवा उचलून पुन्हा पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला वायरमन आला. तो माझा जुना विद्यार्थी. आयटीआयमध्ये तारतंत्रीचे शिक्षण घेऊन त्याने रीतसर परवाना मिळविला आहे. व्याकरणात संधी सोडविताना हमखास चुकणारा हा मुलगा तारांचे सांधे मात्र बिनचूक सोडवितो. शिक्षकाला अशा वेळी आनंद होतो आणि थोडी लाजही वाटते.

त्याने पितळी दिवा उलटसुलट करून पाहिला, छताकडे दृष्टी टाकली आणि म्हणाला, "सर, हा इथं चालायचा नाही. वर अर्थच नाही."

मी चमकलो. शब्दांच्या अर्थाशी झटापट करण्यात माझे आयुष्य गेलेले. आणि माझ्याच घराच्या छतात अर्थ नाही असे माझाच विद्यार्थी मला सांगत होता! मग उलगडा झाला. त्याला म्हणायचे होते 'अर्थिंग', जमिनीशी जोडणारी हिरवी तार, म्हणजे पुस्तकातली भूसंपर्क तार. १९६४ साली आमच्या छतातून दोनच तारा नेल्या होत्या. पितळी दिव्याच्या आत एखादी तार सैल होऊन पितळेला टेकली, तर तो सबंध दिवाच वीजयुक्त होतो. हिरवी तार असली तर ती वीज परस्पर जमिनीत जाते आणि फ्यूज वितळून पुरवठा तुटतो. ती नसली तर वाट पाहत राहते. कोणाची, ते सांगायला नको. सबब पितळी दिव्याचे प्रस्थान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, हिरवी तार ओढून होईतो, पुढे ढकलले गेले, आणि वायरमनने स्वतःजवळचा प्लास्टिकच्या आवरणाचा एलईडी दिवा बाहेर काढला. बशीएवढा, नऊ वॅटचा. नातीचे तोंड एवढेसे झाले. पण ती काही बोलली नाही.

मग काम सुरू झाले. मी आणि नात भिंतीशी उभे राहून पाहत होतो; नातीच्या हातात विजेरी आणि वही होती. वायरमनने प्रथम मेन स्विच बंद केला. तेवढ्यावर न थांबता चिनी मातीचा फ्यूज उपसून खिशात टाकला. "खिशात कशाला?" नातीने विचारले. "आपण वर असताना कोणीतरी खाली येतं आणि वीज गेली असं समजून मेन चालू करतं," तो म्हणाला. "फ्यूज माझ्या खिशात असला की त्याला काही करता येत नाही."

त्यानंतर त्याने केलेली एक गोष्ट मला फार आवडली. फ्यूज काढण्यापूर्वी त्याने आपला टेस्टर ओटीवरच्या चालू असलेल्या प्लगमध्ये घालून पाहिला होता, आणि छतातल्या तारा तपासून झाल्यावर, फ्यूज क्षणभर परत बसवून, पुन्हा त्याच ठिकाणी घालून पाहिला. टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाही, असे आपण समजतो. पण टेस्टरच बिघडलेला असला तर? आधी साक्षीदार तपासायचा, मग साक्ष घ्यायची आणि नंतर साक्षीदार पुन्हा तपासायचा. टेस्टरच्या पोटात निऑन वायूचा इवलासा दिवा असतो आणि त्याच्या जोडीला सुमारे दहा लाख ओहमचा रोध. आपण त्याच्या डोक्यावर बोट टेकले म्हणजे वीज त्या रोधातून आणि आपल्या शरीरातूनच जमिनीकडे जाते. पण ती इतकी थोडी, अँपिअरच्या हजाराव्या भागाच्याही जेमतेम चतुर्थांशाएवढी, की आपल्याला जाणवत नाही. तेवढ्यावर तो दिवा लागतो.

शिडी लाकडी होती. वर चढून त्याने ते काळे बूड उघडले. वायरमन लोक त्याला 'सीलिंग रोज' म्हणतात, म्हणजे छताचा गुलाब! या गुलाबाच्या पोटात साठ वर्षांची धूळ, कोळ्याचे जाळे आणि एक जळून काळा पडलेला स्क्रू निघाला. स्क्रू सैल झाल्याने तारेचा स्पर्श अपुरा होई, तेथे ती तापे, तापून आणखी सैल होई. दिव्याच्या कुरबुरीचे मूळ हेच. तारेवरचे रबर वाळल्या पापडासारखे मोडत होते.

"कुणालाही हलवण्याआधी चित्र काढ," वायरमनने वरून नातीला सांगितले. "कोण कोणाजवळ आहे, ते लिही."

नातीने वहीत लिहिले : एका स्क्रूखाली एक काळी तार. दुसऱ्या स्क्रूखाली दोन तारा, एक काळी आणि एक तांबडी, एकमेकींना पीळ घातलेल्या.

वायरमनने तिन्ही तारा सोडविल्या, कुजलेली टोके छाटून नवे तांबे उघडे केले आणि त्या एकमेकींपासून दूर फाकविल्या. मग तो खाली आला, हातमोजे चढविले, आम्हांला आणखी मागे सारले आणि फ्यूज बसवून मेन चालू केला. माजघराचा खटका बंदच होता. पुन्हा वर चढून त्याने एकेका तारेला टेस्टर लावला. पहिली काळी : अंधार. दुसरी काळी : अंधार. तांबडी : टेस्टर लालबुंद!

"तांबडी फेज!" नात ओरडली. "आमच्या पुस्तकात आहे. तांबडी वीजयुक्त आणि काळी तटस्थ!"

मलाही तसेच वाटले. रंग तेच सांगत होता, टेस्टर तेच सांगत होता. दोन स्वतंत्र साक्षीदार एकमुखाने बोलत असता न्यायाधीशाने आणखी काय पाहावे?

इतक्यात आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, ओटीवरची वीज आली, मग देवघरातला दिवा का लागत नाही?"

वायरमन हसला. "बाळ, देवघरातलं बटण बंद करून ये."

आमच्या देवघरात झिरोचा तांबडा दिवा अष्टौप्रहर तेवत असतो. नातीने जाऊन त्याचा खटका बंद केला, आणि इकडे माजघरात टेस्टरमधला दिवा पटकन विझला. पुन्हा खटका लावला. पुन्हा टेस्टर पेटला. आम्ही आजोबा-नात एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

उलगडा असा. देवघरातला दिवा वडिलांनी पुष्कळ नंतर, १९८२ साली घेतला. त्याची परतीची तार स्वतंत्र न नेता माजघरातल्या परतीच्या तारेला पीळ घालून जोडली होती. आणि कारागिराजवळ त्या दिवशी काळी तार उरली नसावी, म्हणून तांबडी वापरली गेली. म्हणजे ती तांबडी तार जन्माने तटस्थ! जोवर ती आपल्या काळ्या सोबतिणीला जोडलेली होती तोवर तिच्यापासून भय नव्हते. आम्ही तिचा पीळ सोडविला, तिची परतीची वाट तुटली. आणि देवघरातल्या दिव्याच्या तारेतून आलेली वीज पुढे जायला वाट न मिळाल्यामुळे तिच्या उघड्या टोकाशी येऊन थांबली. 'तटस्थ' म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. हा शब्द मी वर्गात किती वेळा फोडून दाखविला असेल! पण काठावर उभा असलेला गडी पाय निसटून पुरात पडला, तर त्याला काठावरचा समजून चालत नाही, हे मला त्या दिवशी शिडीच्या पायथ्याशी उभे राहून कळले.

रंगावर आणि टेस्टरवर विश्वासून मी तांबडी आणि काळी अशी जोडी नव्या दिव्याला लावून दिली असती, तर माजघराचा आणि देवघराचा असे दोन्ही दिवे एकमेकांच्या गळ्यात पडून धड लागले नसते, आणि माजघराचा खटका कितीही खालीवर केला तरी त्याचे कोणी ऐकले नसते. आम्हांला वाचविले ते नातीच्या वहीतल्या त्या दोन ओळींनी : एक काळी आणि एक तांबडी, एकमेकींना पीळ घातलेल्या.

पुढचे काम भरभर झाले. माजघराचा खटका लावताच पहिल्या काळ्या तारेवर टेस्टर पेटला, बंद करताच विझला. म्हणजे पाटाचे दार वरच्या अंगालाच होते. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात कारागिराला मी मनोमन नमस्कार केला. उरलेली काळी नुसती मुकी आहे की खरोखर परतीची आहे, हे वायरमनने दोहोंमध्ये आपला तपासणीचा दिवा लावून पाहिले. तो लागला. मग पुन्हा मेन बंद, फ्यूज पुन्हा खिशात. देवघराच्या तांबड्या तारेवर त्याने काळी पट्टी गुंडाळली, खटक्याकडून येणाऱ्या काळीवर तांबडी, आणि मगच नवा दिवा जोडला. जाण्यापूर्वी मीटरपाशी ३० मिलिअँपिअरची गळती होताच आपणहून पुरवठा तोडणारा खटका बसविण्याविषयी त्याने मला चांगले खडसावले. विद्यार्थी शिक्षकाला खडसावतो तेव्हा मुकाट्याने ऐकावे. मी तो आठ दिवसांत बसवून घेतला.

नऊ वॅटच्या त्या बशीचा उजेड साठ वॅटच्या जुन्या बल्बाहून कमी नव्हता. उलट थोडा अधिकच, आणि काहीसा कोरडा. जुना होल्डर नातीने आपल्या पेटीत ठेवला.

पाडव्याच्या दिवशी फराळाचा डबा घेऊन आम्ही दोघे शेजारच्या गावी शिपाईमामांकडे गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी डबा डाव्या हाताने घेतला. नातीची दृष्टी त्यांच्या उजव्या मनगटावर खिळलेली मी पाहिली. मामांनीही ती पाहिली असावी.

"तुमच्या माजघरातला दिवा बदलला म्हणे, सर?" त्यांनी विचारले.

मी काही बोलण्याच्या आतच नातीने अंगणातल्या मातीत काडीने तीन तारा काढल्या आणि देवघरापासून सारी हकीकत सांगितली. मामांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग वर ओसरीतल्या बल्बाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बाळ, माझ्या या दिव्याचं बटण कोणत्या तारेवर आहे, बघतेस का?"

नातीने वर पाहिले. खटका बंद होता. दिवा विझलेला होता.

"मला नाही सांगता यायचं, मामा," ती म्हणाली. "उद्या वायरमनकाकांना घेऊन येते. तोवर तुम्ही त्याला हात लावू नका."